बुद्धिबळाचं सॉफ्टवेअर लिहून चार पैसे सुटतात का?

तिरपा_उंट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

तीन वर्षं रोज रात्री दीड-दोन तास बसून मी बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली शोधून खेळणारा प्रोग्रॅम, लिहिलंय. पहिल्या ओळीपासून स्वतःचं, कुठून उचललेलं नाही. लोकांना वाटतं की संगणकाला 'विचार' करायला लावणं अवघड असेल. माझा घाम निघाला तो त्याला निव्वळ नियम पाळायला लावताना. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: एखाद्या पटावरून किती वाटा फुटतात ते मोजून पडताळणी करतात, तिला पर्फ्ट म्हणतात. सुरुवातीच्या पटावर पहिल्या चालीला २०, दोघांची एकेक झाली की ४००, मग ८,९०२, मग १,९७,२८१ आणि पाचव्या पायरीला ४८,६५,६०९. हे सगळे आकडे जुळले त्या रात्री मी घरात नाचलो. दुसऱ्या दिवशी वेगळी स्थिती घातली आणि आकडा किंचित जास्त आला. तीन आठवडे डोकं फोडत होतो. पांढरा राजा ए५ वर, शेजारी बी५ ला त्याचं प्यादं, त्याच आडव्या पट्टीच्या टोकाला एच५ वर काळा हत्ती. काळ्याचं प्यादं सी७ वरून सी५ ला येतं. आता बी५ च्या प्याद्याने त्याला आँ पासाँ मारलं (दोन घरं उडी घेऊन शेजारी आलेलं प्यादं तिरकं जाऊन मारणं), तर मारणारं आणि मरणारं अशी दोन्ही प्यादी एकदम त्या पट्टीवरून उठतात आणि हत्तीचा शह थेट राजावर! म्हणजे चाल बेकायदा. माझं इंजिन ती खुशाल खेळायचं, कारण एका वेळी एकच सोंगटी उठेल असं मी धरून चाललो होतो.

असो. आता ते बऱ्यापैकी खेळतं, मला तर पंचवीस चालींत गुंडाळतं. डोक्यात असं आलंय की नोकरीतून वर्षभर बाहेर पडावं, त्याला देखणा पट, डाव तपासायची सोय, सरावाची कोडी जोडावी आणि विकावं. बायको म्हणाली, "आधी विकत कोण घेणार ते विचारून ये." म्हणून विचारतोय. यातून कोणी कमावलंय का? आज कमावता येतं का?

रिकामटेकडा

पहिला! स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे आणि फोनवरसुद्धा कुठल्याही ग्रँडमास्टरला झोपवतं. धाग्याला कुलूप लावा. :)

जुना_गडी

रिकामटेकडे, दमानं घ्या. या धंद्यात पैसे होते, आणि बरे होते.

पीटर जेनिंग्जचा मायक्रोचेस १९७६ चा. किम-१ नावाच्या उघड्या सर्किट बोर्डावर चालायचा, ज्याची मेमरी जेमतेम एक किलोबाइट. त्या विक्रीतला पैसा पुढे व्हिजिकॅल्क बाजारात आणायला लागला. म्हणजे आज तुम्ही ऑफिसात जी एक्सेलची पानं भरता, त्या खानदानाच्या मूळपुरुषाला बुद्धिबळाने हातभार लावलाय. मग १९७८ मध्ये डॅन आणि कॅथ स्प्रॅकलेन या जोडप्याचा सार्गन आला. सुरुवातीला लोक त्याच्या कोडची छापील प्रत विकत घ्यायचे आणि घरी बसून एकेक ओळ टाइप करायचे! त्यानंतर बुद्धिबळाची स्वतंत्र यंत्रं आली, मेफिस्टो वगैरे. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्या रिचर्ड लँगच्या चेसजीनियसने १९९४ मध्ये लंडनच्या जलद स्पर्धेत कास्पारोव्हला हरवलं होतं, आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाने त्याला हरवण्याच्या तीन वर्षं आधी. हॅम्बुर्गची चेसबेस कंपनी ऐंशीच्या दशकापासून आजतागायत याच धंद्यात आहे.

चेसमास्टर या संगणकी खेळाच्या पन्नास लाखांहून जास्त प्रती खपल्याचं युबिसॉफ्टने २००२ मध्ये जाहीर केलं होतं. पण घरोघरी घेतला जायचा तो त्याच्या ताकदीसाठी नव्हे. त्यात जॉश वेट्झकिन या अमेरिकी बुद्धिबळपटूचे धडे होते, वेगवेगळ्या ताकदीचे आणि स्वभावाचे खोटे प्रतिस्पर्धी होते, कोणी उगाच वजीर लवकर बाहेर काढणारा, कोणी प्याद्यांना जपणारा. मी स्वतः त्यातल्या एका बावळट प्रतिस्पर्ध्याशी महिनाभर खेळत होतो, कारण तो हरायचा.

कंपायलर_कुमार

जुन्या गड्यांचा इतिहास रोचक आहे, पण धागाकर्त्यांचा प्रश्न आजचा आहे. उत्तर कडू आहे: ताकद विकायचे दिवस गेले.

शेवटचा सुवर्णकाळ म्हणजे २००५ नंतरची चार-पाच वर्षं. राय्बका आलं आणि ज्याला सगळ्यात तगडं इंजिन हवं तो पैसे मोजायला तयार होता. २००८ मध्ये टॉर्ड रोमस्टाडच्या ग्लाउरुंग या इंजिनातून स्टॉकफिश निघालं, मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. खरा घाव २०१३ चा, फिशटेस्टचा. कोणी एक ओळ सुचवली की जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर तिची हजारो डावांची परीक्षा होते, आणि एक-दोन एलो गुणांचा (खेळाची ताकद मोजायचे गुण) फायदा दिसला तरी ती आत जाते. तुमच्याकडे किती मशीन आहेत? एक? दोन? तुमच्या मशीनवर एखादा बदल चांगला की वाईट हे कळायलाच आठवडा जाईल. तोवर त्यांचे वीस बदल तपासून झालेले असतात.

त्यात डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःशीच खेळून शिकणारं अल्फाझीरो आलं, त्याच्या धर्तीवर लीला हे इंजिन आलं, तेही मुक्त. मग एनएनयूई. मुळात शोगीसाठी जपानमध्ये निघालेलं हे छोटं न्यूरल जाळं सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये बसलं. २०२३ मध्ये तर त्या मंडळींनी हाताने लिहिलेलं मूल्यमापन काढूनच टाकलं. 'उंटांची जोडी असेल तर इतके गुण, दुहेरी प्यादं असेल तर इतके उणे' हे सगळं माणसांनी वर्षानुवर्षं घासून बसवलेलं शहाणपण, एका बदलात पुसलं. तुमच्या तीन वर्षांत तुम्ही नेमकं तेच घासत बसला असाल, असा माझा अंदाज. वाईट वाटून घेऊ नका, मीही दोन वर्षं घासलंय.

तिरपा_उंट

अंदाज बरोबर आहे. :( वाईट वाटलं, पण धन्यवाद.

तरी एक शंका. श्रेडर, हायार्क्स या इंजिनांची मंडळी अजून विकतायत की! कोमोडो हे इंजिन तर २०१८ मध्ये चेस डॉट कॉम या खेळायच्या साइटने विकतच घेतलं. म्हणजे इंजिनाला गिऱ्हाईक मिळतं.

जुना_गडी

मिळतं, पण त्या नावांमागे वीस-तीस वर्षांची पुण्याई आहे. आणि कोमोडो एका कंपनीने घेतलं, तुमच्या-माझ्यासारख्या हजार जणांनी नव्हे. तुमच्याकडे कोणी अशी कंपनी हेरून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी.

गंमत सांगतो. श्रेडरच्याच श्टेफान मायर-काहलेन यांनी रुडॉल्फ हूबर यांच्यासोबत २००० मध्ये यूसीआय ही पट आणि इंजिन यांच्यातल्या बोलाचालीची पद्धत आणली. त्याआधी पट आणि इंजिन बऱ्याचदा एकमेकांना जखडलेले असायचे. यूसीआय आल्यावर कुठल्याही पटाखाली कुठलंही इंजिन बसायला लागलं, दिवा बदलावा तसं. खेळणाऱ्यांची चैन झाली, पण फुकटातलं इंजिन विकतच्या इंजिनाच्या जागी दोन मिनिटांत बसायला लागलं, ते त्यामुळेच.

कलम_तीन

तिरपे उंट, वरचं सगळं वाचून 'मग स्टॉकफिशच घालतो माझ्या पटाखाली' असा विचार आला असेल. करा, पण परवाना वाचून करा.

स्टॉकफिश जीपीएल ३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. लोकांचा समज असतो की जीपीएल म्हणजे विकता येत नाही. चूक. खुशाल विका. फक्त ज्याला विकाल त्याला स्रोत मिळण्याचा हक्क द्यायचा, आणि त्याने तो पुढे वाटला तर अडवायचं नाही. चेसबेसने २०२१ मध्ये फॅट फ्रिट्झ २ काढलं, ९९.९० युरोला. आत स्टॉकफिश, वर वेगळं प्रशिक्षित जाळं. स्टॉकफिशवाले म्युनिकच्या कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली: फॅट फ्रिट्झ २ आणि हुदिनी ६ या दोन्ही इंजिनांची विक्री बंद, वर्षभर स्टॉकफिश असलेलं काही विकायचं नाही, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातायत की नाही हे बघायला एक खास माणूस नेमायचा. त्याआधी २०११ मध्ये राय्बकावर फ्रूट आणि क्राफ्टी या दुसऱ्या इंजिनांमधून उचलल्याचा ठपका ठेवून संगणक बुद्धिबळाच्या संघटनेने त्याची विश्वविजेतेपदं काढून घेतली. त्या निकालावर लोक अजूनही भांडतात, इथे नको.

तांत्रिक मेख अशी: डेस्कटॉपवर इंजिन वेगळा प्रोग्रॅम म्हणून चालवून यूसीआयने बोललात तर तुमचा पट वेगळा राहतो, असं बहुतेक जण मानतात. आयफोनवर असा दुसरा प्रोग्रॅम बाजूला चालवता येत नाही, इंजिन ॲपच्या पोटातच घ्यावं लागतं. मग अख्खं ॲप जीपीएलच्या छत्राखाली येतं. हे आधी ठरवा, वर्षभराने नाही.

रिकामटेकडा

म्हणजे स्वतःचं लिहिलं तर कोणी घेत नाही, आणि दुसऱ्याचं घेतलं तर कोर्ट. छान धंदा आहे. 🍿

एकटा_हत्ती

या धाग्यावर प्रत्यक्ष विकणारा मी एकटाच दिसतोय, तेव्हा चार ओळी लिहितो. चारवर थांबणार नाही बहुतेक.

माझं छोटं ॲप आहे, ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, पाठ करायचं. तुम्ही तुमच्या चाली घालता, ते ठराविक अंतराने विचारतं, चुकलात की पुन्हा लवकर विचारतं. सहा वर्षं झाली. नोकरी सोडलेली नाही, आणि सोडणारही नाही. मिळतं ते जोडधंदा म्हणण्याइतकं. २०२० मध्ये टाळेबंदी आणि पाठोपाठ 'क्वीन्स गॅम्बिट' ही बुद्धिबळावरची गाजलेली वेबमालिका, तेव्हा चार महिने डोळे फिरले होते. मलाही वाटलं होतं, राजीनामा द्यावा. दिला नाही हे नशीब, कारण ती लाट आली तशी ओसरली.

माझ्या ॲपमध्ये इंजिनच नाही. पहिली दोन वर्षं होतं, स्वतःचं, तुमच्यासारखंच. काढून टाकलं तेव्हा तक्रारीची किती पत्रं आली असतील? तीन. पण गडद रंगाचा पट काढला तेव्हा इनबॉक्स भरून वाहिला.

आता वेळ कुठे जातो ते ऐका. तुम्ही आँ पासाँवर तीन आठवडे घालवलेत ना? मी त्याच चालीवर तीन वर्षं उत्तरं लिहिली. एक तारा, आणि खाली: "माझं प्यादं सरळ पुढे गेलं, कॉम्प्युटरने बाजूने येऊन खाल्लं. भिकार ॲप, बग आहे." दर आठवड्याला एक तरी. नियम समजावला तर काही जण तारे वाढवायचे, काही जण उलट शिव्या द्यायचे. शेवटी ती चाल पहिल्यांदा पटावर आली की दोन ओळींचा खुलासा आणि एक छोटं चित्र दिसेल असं केलं. तक्रारी जवळपास थांबल्या. सहा वर्षांत मी लिहिलेला सगळ्यात फायदेशीर कोड तोच, अर्ध्या तासाचा.

दुकानदाराचा हिस्सा धरा. वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतल्या विकणाऱ्यांना ॲपल आणि गूगल दोघेही साधारण १५ टक्के लावतात, एरवी जास्त. तुम्ही आणि मी त्या मर्यादेच्या कितीतरी आत, काळजी नको. :) दरवर्षी फोनची नवी प्रणाली येते आणि काहीतरी मोडतं, ते फुकट दुरुस्त करायचं. एकदाच पैसे घेऊन विकलंत तर तिसऱ्या वर्षी जुन्या गिऱ्हाइकांची सेवा नव्यांच्या पैशातून करता. वर्गणी लावलीत तर लोक म्हणतात 'लिचेस (ऑनलाइन खेळायची साइट) फुकट असताना?' आणि त्यांचं चुकत नाही.

कंपायलर_कुमार

एकटे हत्ती, दंडवत घ्या. लिचेसचं लिहिलंत ते महत्त्वाचं. २०१० पासून, देणग्यांवर, जाहिरातींशिवाय, कोडसकट मोकळं. त्यांच्या डावांचा आणि कोड्यांचा साठाही कोणालाही वापरायला खुला. दुसऱ्या टोकाला चेस डॉट कॉम, २०२२ च्या अखेरीस दहा कोटी सदस्य, आणि त्याच सुमारास प्ले मॅग्नस समूह विकत घेतला, चेसेबल या शिकवणीच्या साइटसकट. एकीकडे फुकट, दुसरीकडे अवाढव्य. मधल्या बोळात उभं राहायचंय.

एक वाट मला दिसते. चांगली खेळणारी इंजिनं भरपूर आहेत, पण *माणसासारखं वाईट* खेळणारं? ताकद कमी केली की बहुतेक इंजिनं दहा चाली विश्वविजेत्यासारख्या खेळतात आणि अकराव्याला वजीर फुकट देतात. नवशिका असं चुकत नाही. तो घोड्याचा दुहेरी मारा बघत नाही, मागे यायची चाल विसरतो, मारामारीत एक चाल कमी मोजतो. २०२० मध्ये माया नावाचं संशोधन आलं, लिचेसवरच्या ११०० ते १९०० रेटिंगच्या खेळाडूंचे डाव शिकवून त्यांच्यासारखी चाल ओळखणारं. तेही मुक्त आहे, पण त्यावर काम करायला जागा आहे.

सोंगटी

मी प्रोग्रॅमर नाही, मुलांना बुद्धिबळ शिकवते. हा धागा कालपासून वाचतेय आणि हसू येतंय, कारण विकत घेणारी मी आहे आणि मला कोणी विचारतच नाहीये.

मला इंजिन नको. इंजिन सांगतं +०.८, म्हणजे पांढरा जरासा वरचढ. आठ वर्षांच्या मुलाला +०.८ म्हणजे काय सांगू? मला काय लागतं ते सांगते. माझ्याकडे चोवीस मुलं आहेत. शनिवारी डाव खेळतात, वहीत लिहितात, निम्म्या चाली चुकीच्या लिहितात. घोडा कुठल्या घरातून गेला ते लिहीतच नाहीत. ते डाव मी रात्री जागून संगणकावर घालते. वहीत एक चाल अशक्य निघाली की पुढचा सगळा डाव अडतो. 'इथे बहुधा जी१ चा घोडा असेल, तसं धरलं तर पुढच्या सगळ्या चाली बसतात' हे मी स्वतः डोक्याने शोधते. हे तुमचं इंजिन करू शकेल का?

दुसरं. प्रत्येक मुलाची चूक वेगळी. एक मुलगी दर डावात राजाजवळचं एफ७ घर उघडं टाकते. एक मुलगा जिंकत असताना पोटकोंडी करून बसतो, म्हणजे समोरच्याला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत. मला त्यांच्याच डावातल्या सहा-सहा स्थिती एका कागदावर छापून हव्यात, गृहपाठ म्हणून. आज मी हे पडद्याचे फोटो काढून, कापून, चिकटवून करते. एका वर्गामागे तीन तास.

यासाठी मी पैसे देईन. मला ओळखणारे आणखी शिक्षकही देतील, सगळे हाच चिकटवाचिकटवीचा उद्योग करतात.

रिकामटेकडा

कुलूप उघडा.

तिरपा_उंट

सोंगटीताई, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला.

चुकीच्या वहीवरून डाव जुळवणं हे माझ्याकडचं इंजिन नसून फक्त चाली काढणारा भाग करू शकतो! ज्याच्या पर्फ्टसाठी मी तीन आठवडे घालवले, तोच. जिथे चाल अशक्य तिथे मागे जायचं, शक्य पर्याय घालून बघायचे, ज्याने पुढची वही सगळ्यात लांब चालते तो धरायचा. चूक शोधायला ताकद फार लागत नाही, माझंच इंजिन पुरेल. परवान्याची भानगडही नाही.

कलम_तीन

आणि डावाच्या चालींवर कोणाचा मालकी हक्क नसतो, त्यामुळे गाजलेले डाव कागदावर छापायलाही हरकत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात थेट प्रक्षेपणाच्या चालींवरून वाद झाला होता, तिथेही आयोजकांना मनाई हुकूम मिळाला नाही. मात्र दुसऱ्याने लिहिलेलं विश्लेषण उचलू नका, ते त्याचं लेखन असतं.

एकटा_हत्ती

सावध करतो. चोवीस मुलांचे शिक्षक म्हणजे बाजारपेठ लहान. प्रत्येक शिक्षकाची पद्धत वेगळी, प्रत्येक जण 'फक्त एवढं एक वाढवा' म्हणणार. पण हे लोक एक तारा देऊन पळत नाहीत, फोन करतात. माझ्या अनुभवात तेच बरं. नोकरी मात्र सोडू नका, निदान दहा शिक्षक पैसे देईपर्यंत.

जुना_गडी

+१. आणि त्यात तो बावळट प्रतिस्पर्धी घाला, जो हरतो.

तिरपा_उंट

ताई, दोन वह्यांचे फोटो, मुलांची नावं झाकून, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? आधी तेवढ्यावर चालवून बघतो.

सोंगटी

पाठवले. एकीत सतराव्या चालीला हत्ती तिरका गेलाय, शुभेच्छा. छापताना पट काळ्याच्या बाजूने फिरवता येईल ना? निम्मी मुलं काळ्याने खेळताना उलटंच बघतात.

तिरपा_उंट

येईल. रविवारपर्यंत देतो.

सोंगटी

आणि पैसे किती घेणार, ते आधी सांगा.

तिरपा_उंट

बायकोला विचारून सांगतो.